व्हेर्दिक्किओ आणि तिचा कडवटपणा

"व्हाइट वाइन काय, नवशिक्यांची. खरी वाइन म्हणजे रेड." गेल्या महिनाभरात हे मी तिसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्या वेळी मात्र गप्प बसवेना. जगातल्या सगळ्या व्हाइट वाइनची वकिली मला करता येणार नाही, पण एकीची नक्की येईल. व्हेर्दिक्किओची.

नोकरीनिमित्त दोन वर्षं आंकोनात होतो. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे बंदर, मार्के प्रांताची राजधानी. समोर एड्रियाटिक समुद्र, पाठीशी अपेनाइनचे डोंगर आणि मध्ये नुसत्या टेकड्या. समुद्रापासून थोडं आत येझी नावाचं तटबंदीचं जुनं गाव आहे. त्याच्या भोवतालच्या टेकड्यांवर, एझिनो नदीच्या दोन्ही अंगांना, व्हेर्दिक्किओचं द्राक्ष पिकतं. नाव 'व्हेर्दे'वरून, म्हणजे हिरवा. घड पिकला तरी त्याची हिरवट झाक जात नाही, आणि ग्लास पांढऱ्या टेबलक्लॉथवर धरला की तीच झाक फिकट पिवळ्या वाइनमध्येही दिसते.

पहिल्या घोटाला लिंबू, हिरवं सफरचंद, थोडी बडीशेप. आंबटपणा चांगला खणखणीत. आणि घोट गिळल्यावर, आता संपलं असं वाटत असताना, जिभेच्या मागच्या बाजूला कडवट चव येते. मूठभर बदाम खाताना एखादा कडू निघतो ना, तीच चव, फक्त खूप सौम्य. मला आधी तो बाटलीतला दोष वाटला होता. तो दोष नाही, तो त्या द्राक्षाचा स्वभाव आहे. त्या कडवटपणामुळेच तोंड स्वच्छ होतं आणि पुढचा घास हवासा वाटतो. गोडसर वाइन दुसऱ्या ग्लासाला कंटाळा आणते, ही आणत नाही.

याच द्राक्षाचं दुसरं घर म्हणजे मातेलिका. ते आत, डोंगरात आहे. तिथली दरी उत्तर-दक्षिण पसरलेली, त्यामुळे समुद्राची हवा आत शिरत नाही. दिवसा ऊन, रात्री चांगलाच गारठा, म्हणून द्राक्षात आंबटपणा टिकून राहतो. मातेलिकाची वाइन जास्त ताठ, येझीची जास्त मोकळी. मातेलिकाला डीओसी हा दर्जा, म्हणजे वाइन कुठली आणि कशी याची इटलीतली सरकारी मोहोर, १९६७ मध्ये मिळाला, येझीला १९६८ मध्ये. मला विचाराल तर मासळीबरोबर येझी, मांसाबरोबर मातेलिका. आणि हो, उत्तर इटलीतल्या गार्दा सरोवराकाठची लुगाना नावाची व्हाइट वाइन ज्या द्राक्षाची होते, तेही जनुकीय तपासणीत हेच निघालं आहे.

मग व्हेर्दिक्किओचं नाव एवढं कमी का ऐकू येतं? मला वाटतं, बाटलीमुळे. १९५३ मध्ये फात्सी बात्ताल्या या कंपनीसाठी प्राचीन सुरईच्या आकाराची, कमरेत बारीक अशी हिरवी बाटली तयार झाली. ती जगभर गेली, प्रचंड खपली. पण लोकांच्या लक्षात बाटली राहिली, आतली वाइन नाही. शोभेच्या बाटलीतली स्वस्त वाइन हा शिक्का एकदा बसला तो बसलाच. प्रत्यक्षात हिची रिझेर्व्हा, म्हणजे जास्त मुरवलेली वाइन, किमान अठरा महिने मुरवल्याशिवाय विकता येत नाही. मी एकदा दहा वर्षांची रिझेर्व्हा प्यायलो. लिंबू मागे गेलं होतं, मध आणि भाजलेले बदाम पुढे आले होते, आणि आंबटपणा तसाच होता. व्हाइट वाइन टिकत नाही म्हणणाऱ्याला मला तो ग्लास द्यायचा आहे.

आपल्याकडे दुसरा अन्याय होतो तो बर्फाचा. मागे एका हॉटेलात मोठ्या हौसेने इटालियन व्हाइट मागवली, तर ती इतकी गार की नुसतं आंबट पाणी लागलं. १० ते १२ अंश पुरे. फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटं बाहेर ठेवा, मग बडीशेप आणि बदाम सापडतील.

खाणं मात्र तिथलंच आठवतं. आंकोनाजवळ पोर्तोनोव्होला कोनेरो डोंगर थेट समुद्रात उतरतो. तिथल्या खडकांवर आपोआप वाढणाऱ्या शिंपल्यांना मोशोली म्हणतात. लसूण, पार्सली, ऑलिव्ह तेल, एवढंच घालून झाकण ठेवायचं. शिंपले उघडले की झालं. तळाशी उरलेला खारट रस पावाने टिपायचा आणि वर व्हेर्दिक्किओ. खारट, आंबट, कडवट एकत्र आलं की तिथे आणखी काही लागत नाही.

आणि स्तोक्काफिस्सो. नॉर्वेहून येणारा वाळवलेला कॉड, लाकडासारखा कडक, कित्येक दिवस पाण्यात भिजवतात. आमच्या घरमालकीणबाई पातेल्याच्या तळाशी बोरूच्या काड्या अंथरायच्या, मासा खाली लागू नये म्हणून. त्यावर मासा, टोमॅटो, बटाट्याचे मोठे तुकडे आणि हात सैल सोडून तेल. वास सुकट-बोंबलाच्या घरात वाढलेल्या माणसाला परका मुळीच वाटला नाही. मी एकदा स्वयंपाकासाठी म्हणून स्वस्तातली बाटली नेली, तर बाईंनी ती बाजूला ठेवली. कपाटातून चांगली व्हेर्दिक्किओ काढली, अर्धी पातेल्यात ओतली आणि उरलेली अर्धी टेबलावर ठेवली.