उलटतपासापर्यंत राखून ठेवलेला कागद

वकिलीच्या सहाव्या वर्षी मी एक कागद राखून ठेवला होता. दावा वाटपाचा, बहिणीने भावाविरुद्ध लावलेला, आम्ही भावाकडून. बहिणीने फार पूर्वी सही केलेलं हक्कसोडपत्र आमच्या फाइलमध्ये होतं. कैफियतीत, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरात, ‘वादीचा हक्क पूर्वीच संपुष्टात आला आहे’ एवढी एकच ओळ घालायची आणि कागद उलटतपासात काढायचा, असं माझ्या सीनियरांचं ठरलं होतं. त्या दिवसाला चार वर्षं लागली. बाईंनी सही ओळखली आणि दावा तिथेच संपला. कोर्टाबाहेर त्या मला म्हणाल्या, “वकीलसाहेब, हे आधी दाखवलं असतंत तर मी दावा चालवलाच नसता.” चार वर्षं त्या प्रत्येक तारखेला एसटीने येत होत्या.

मी कायदा मोडला नव्हता. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ८, नियम १-अ प्रमाणे प्रतिवादीने आपले कागद कैफियतीबरोबर द्यायचे असतात. पण वादीच्या साक्षीदारांच्या उलटतपासासाठीचे कागद त्यातून वगळले आहेत. पक्षकार स्वतः साक्षीदार म्हणून उभा असला तरी त्याला असा कागद दाखवता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. खोटं बोलणाऱ्या साक्षीदाराला पकडायला ही सवलत हवीच. मात्र तिच्या आडोशाने दाव्याचा कणा असलेला कागदही लपवता येतो, आणि आपल्याकडे तेच वकिलीचं कसब मानलं जातं.

आता मी अमेरिकेत, न्यू जर्सीत एका वकिली फर्ममध्ये डिस्कव्हरीचं काम करतो. म्हणजे दावा दाखल झाल्यावर, पण प्रत्यक्ष सुनावणी उभी राहण्याआधी दोन्ही बाजूंनी एकमेकांना द्यायचे कागद, प्रश्नावलीची उत्तरं आणि शपथेवर घेतलेल्या जबान्या. गेल्या हिवाळ्यात गावी गेलो तेव्हा बाररूममध्ये यावरूनच वाद पेटला. एका जुन्या मित्राचं म्हणणं होतं, कोर्टाने वादाचे मुद्दे काढण्याआधी दोन्ही वकिलांनी बसून कागद अदलाबदल करावेत, कुठले कबूल आणि कुठले नाकबूल ते लिहून द्यावं. बहुतेकांनी त्याला उडवून लावलं. न्यायाधीशांच्या जागा रिकाम्या, स्टेनो नाही, आणि ओझं मात्र वकिलांवर? शिवाय आपली तयारी समोरच्याच्या हातात का द्यायची?

पहिली तक्रार खरीच आहे. दुसरीचं उत्तर मात्र मी राहतो तिथून जवळच, डेलावेअर नदीवर मिळालेलं आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये फिलाडेल्फियाजवळ एक टगबोट बुडाली आणि पाच खलाशी गेले. बोटमालकांच्या वकिलाने वाचलेल्यांचे जबाब घेऊन ठेवले होते. मृताच्या वारसाच्या वकिलाने ते मागितले. हिकमन विरुद्ध टेलर या खटल्यात १९४७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेषा आखली. वस्तुस्थितीवर दोन्ही बाजूंचा हक्क आहे, पण वकिलाने तयारीसाठी केलेली टिपणं आणि त्याचे आडाखे सहजासहजी मागता येत नाहीत. रोजच्या कामात ही रेषा मी पाळतो. कागद दिल्याने इथल्या वकिलाचं कसब कमी झालेलं मला दिसलं नाही.

पण इथलं सगळं उचलून न्यावं असं मी म्हणणार नाही. डिस्कव्हरी हा इथे पैसा खाणारा भाग आहे. वकील तासावर फी घेतात, ईमेलचे ढीग वाचायला माणसं बसवावी लागतात, आणि कमी पैशाचा दावा असलेला माणूस खर्चाला भिऊन तडजोड करतो किंवा दावा सोडून देतो. इथल्या केंद्रीय न्यायालयांचे दिवाणी प्रक्रियेचे फेडरल नियम १९३८ चे. त्यांनी डिस्कव्हरीची दारं उघडली आणि पुढची कित्येक दशकं तिला आवर घालण्यात गेली. १९९३ मध्ये जबान्यांवर दहाची आणि प्रश्नांवर पंचवीसची मर्यादा आली.

मला शिकण्यासारखी वाटते ती आवर घालण्याची रीत. नियम सुचवणाऱ्या समितीत न्यायाधीशांबरोबर वकिली करणारे वकील आणि प्राध्यापक बसतात. २०१० मध्ये ड्यूक विद्यापीठात परिषद भरली आणि २०१३ मध्ये सुधारणांचा मसुदा आला. त्यात जबान्या दहावरून पाच आणि प्रश्न पंचवीसवरून पंधरा करायचे होते. वॉशिंग्टन, फीनिक्स आणि डॅलस इथे जाहीर सुनावण्या झाल्या, दोन हजारांहून जास्त लेखी मतं आली. नोकरीतून काढलेल्या माणसाचे वकील म्हणाले, पाच जबान्यांत आमचा माणूस मरेल. कंपन्यांचे वकील म्हणाले, खर्चाने आम्ही मरतोय. शेवटी आकडे कमी करण्याचा प्रस्ताव मागे घेतला गेला; दाव्याच्या आवाक्याच्या मानाने कागद मागावेत, हे तत्त्व मात्र डिसेंबर २०१५ पासून नियमात ठळकपणे आलं. वकिलांनी विरोध केला, पण आपल्या कामातली उदाहरणं कागदावर मांडून केला.

आपल्या बारमध्ये ताकद नाही असं कोण म्हणेल? कोल्हापूरच्या खंडपीठासाठी सहा जिल्ह्यांतले वकील कित्येक दशकं लढले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच तिथे सुरू झालं. संहितेतल्या १९९९ आणि २००२ च्या सुधारणांनाही देशभर वकिलांनी विरोध केला. सेलमच्या वकील संघटनेच्या याचिकेतून न्यायमूर्ती जगन्नाध राव यांची समिती झाली. तिच्यात ज्येष्ठ वकील होते, बार कौन्सिलचे अध्यक्ष होते, आणि खटला कसा हाकावा याचे नमुना नियम तिने तयार केले. पण त्या याचिकेवर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालातलं बाररूममध्ये काय उरलं? कैफियतीची नव्वद दिवसांची मुदत बंधनकारक नाही, एवढंच. मुदतीच्या अर्जात आपण तो निकाल घालतो आणि नमुना नियम उघडतही नाही.

व्यापारी न्यायालयांच्या २०१५ च्या कायद्याने व्यापारी दाव्यांपुरती संहितेची ऑर्डर ११, म्हणजे कागद उघड करण्याबाबतची, नवी लिहिली. आपल्या बाजूचे असोत वा विरुद्ध, ताब्यातले संबंधित कागद उघड करायचे आणि तसं शपथेवर सांगायचं. म्हणजे कंपन्यांच्या भांडणात ही शिस्त आली, पण बहीण-भावाच्या वाटपाला अजूनही जुनीच ऑर्डर ११ लागू आहे. ती प्रश्नावली आणि कागदांचं प्रकटन मागू देते, पण तो अर्ज करणारे वकील मी नऊ वर्षांत बोटांवर मोजण्याइतके पाहिले.

याचं मोठं कारण फीमध्ये आहे, आणि ते आपण उघड बोलत नाही. तालुक्याच्या कोर्टात अशील थोडे पैसे वकीलपत्राच्या वेळी देतो आणि बाकीचे तारखेला तारखेला. सुरुवातीला चार दिवस बसून कागद लावले, समोरच्या वकिलाशी बोलून तीन मुद्दे मिटवले, तर त्याचे पैसे कुणी देत नाही. उलट तारखा कमी होतात. आधीच्या कामाला आधी फी, असा दंडक बार असोसिएशनने स्वतः घालून द्यायला हवा, अशिलाला तो समजावून सांगायला हवा. त्याशिवाय वरून आलेला कुठलाही नियम रोजनाम्यात ‘मुदत मंजूर’ होऊन पडून राहील.

न्यू जर्सीत अपघाताच्या दाव्यांसाठी ठरावीक प्रश्नावली नियमांच्या परिशिष्टातच छापलेली आहे. ती वेगळी बजावावी लागत नाही, दाव्याबरोबर बजावली असंच धरतात, आणि काय विचारायचं यावर सहसा भांडण होत नाही. वाटप, वहिवाट, भाडेकरू या आपल्या नेहमीच्या दाव्यांसाठी अशा याद्या आपले वकील एका सुट्टीत लिहू शकतात. दार कायद्यातच आहे. संहितेच्या कलम १२३ प्रमाणे उच्च न्यायालयाच्या नियम समितीत दोन वकील असतात. त्यांच्याकडे तालुक्यातून मसुदा गेला पाहिजे.

बाररूममध्ये उडवलेल्या त्या मित्राने परवा वाटपाच्या दाव्यासाठी कागदांची यादी पाठवली. वंशावळ, सात-बारा, आठ-अ, फेरफार, मृत्युपत्र, जुनं वाटपपत्र, अशा अकरा नोंदी. मी बारावी घातली: हक्कसोडपत्र, नोंदलेलं असो वा नसो, कैफियतीबरोबरच.