जाळरेषा आणि मोहाखालची आग एक नव्हे

‘वनविभागच जंगल जाळतो, मग मोहाखालचा पाला आम्ही पेटवला तर बिघडलं कुठे?’ असं विदर्भात सर्रास ऐकू येतं. हे चूक आहे. वनविभाग जाळतो ती जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा. कडांचं गवत कापून पट्ट्याच्या आत ओढायचं, वाळलं की वारा पडल्यावर, दोन्ही कडांना माणसं उभी करून पेटवायचं. हे काम १५ फेब्रुवारीआधी उरकायचं असतं.

मोहाची फुलं गळतात मार्च-एप्रिलमध्ये, आणि ती वेचायला सोपी जावीत म्हणून खालचा पाला पेटवला जातो. तेव्हा रान पाल्याने भरलेलं, दुपारी वारा. विझली वाटणारी आग पोकळ ओंडक्यात रात्रभर धुमसते आणि दुसऱ्या दिवशी पसरते. जळतात ती मोहाचीच रोपटी! पाला झाडून बाजूला करा, झाडाखाली जुन्या साड्या अंथरा. फुलंही स्वच्छ मिळतात. आणि जाळरेषा कुठून हवी, ते ग्रामसभेत ठणकावून सांगा. पायवाटा गावालाच ठाऊक असतात.