मामाच्या गोळ्या बंद करणारा मेसेज

गणेश चवथीच्या आठ दिवस आधी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज पडला. वर तिरंगा, खाली ‘किमान वीस जणांना पाठवा’. मला तो एकाच दिवशी तीन ठिकाणांहून आला, म्हणजे गोव्यात बऱ्याच घरांत पोचला असणार. मजकूर थोडक्यात असा: पीटीएसडी (जिवावरच्या धक्क्यानंतर मागे राहणारा मनाचा आजार) हे अमेरिकेतून आणलेलं खूळ आहे, मावळ्यांच्या रक्ताच्या सैनिकाला ते होत नाही. लढाईचा धक्का सहा महिन्यांत आपोआप जातो, तीस वर्षांनी कुरकुरणारे पेन्शनसाठी नाटक करतात. मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत, त्या टाकून द्या आणि रात्री दोन पेग घेऊन झोपा. आणि असा माणूस घरात असेल तर पोरांना त्याच्यापासून लांब ठेवा.

हा मेसेज माझ्या मामाने वाचला. त्यानंतर आमच्या घरात जे झालं, त्यामुळे गप्प बसणं मला जमत नाही.

मामा साठीचा. १९८४ साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाला, बेळगावला ट्रेनिंग केलं आणि १९८७ च्या ऑक्टोबरात भारताच्या शांतिसेनेतून श्रीलंकेतल्या जाफन्याला उतरला. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ म्हणत गोळीबारात धावलेल्या माणसाला मावळा कोण हे तिरंगा चिकटवलेल्या मेसेजने शिकवू नये. श्रीलंकेत आपले सुमारे १,२०० जवान गेले. १९९० च्या मार्चमध्ये शेवटच्या तुकड्या परतल्या तेव्हा मद्रासच्या स्वागताला तिथले मुख्यमंत्री करुणानिधी आले नाहीत. ज्या लढाईबद्दल कुणी विचारतच नाही, ती मामाने कुणाला सांगायची होती?

पीटीएसडी हे नाव अमेरिकेतून आलं हे मान्य. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली ते आपल्या यादीत घातलं. पण दुखणं त्याआधीचं आहे. चार्ल्स मायर्स या डॉक्टरने १९१५ सालीच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ (तोफगोळ्यांचा धक्का) म्हणून त्याबद्दल लिहिलं होतं. बहुतेक सैनिकांना हा आजार होत नाही, हेही मान्य. मात्र बहुतेकांना होत नाही म्हणून कुणालाच होत नाही, असं होत नाही. आणि मनाचे उपचार म्हणजे परदेशी थेरं, असं निदान गोव्यात तरी कुणी म्हणू नये. माणसाला निजवून त्याच्या मनापर्यंत पोचता येतं का, हे दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये शोधणारा आबे फारिया कांदोळीचा होता. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे.

आता सहा महिन्यांची गोष्ट. व्हिएतनामचं युद्ध १९७५ मध्ये संपलं. १९८० च्या दशकात अमेरिकेने तिथून परतलेल्या सैनिकांची देशभर पाहणी केली, तेव्हा पुरुषांपैकी सुमारे १५ टक्क्यांना पीटीएसडी होता. पुढे त्यातल्याच हयात माणसांना पुन्हा गाठून तपासलं. २०१५ साली ‘जामा सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात आलेला हा अभ्यास सांगतो की युद्धाला चाळीस वर्षं उलटल्यावरही अंदाजे २ लाख ७१ हजार जणांना हा आजार पूर्णपणे किंवा अंशतः होता. मधल्या काळात ज्यांच्यात ठळक फरक पडला, त्यांत बिघडलेले हे सुधारलेल्यांच्या दुप्पट होते. सैनिक तिकडचे असले तरी माणसाचं शरीर तेच. मामाचंही असंच झालं. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, सिक्युरिटीची नोकरी गेली, हात रिकामे झाले आणि रात्री ओरडत उठणं वाढलं.

तोपर्यंत काही नव्हतं असंही नाही. आम्हाला कळत नव्हतं, एवढंच. मामा माडाखाली बसत नाही. जाफन्यात ताडावरून गोळ्या येत, एवढं एकदाच बोलला. कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, शिरला की आधी प्रत्येक माडाच्या शेंड्याकडे बघतो. मी दहा-बारा वर्षांची असताना पाडेली (नारळ पाडणारा) न सांगता माडावर चढला आणि वरून त्याची कोयती चमकली. मामा अंगणात पालथा पडला, हातातली पाण्याची कळशी तशीच घट्ट धरून. आम्ही पोरं हसलो होतो. नळाच्या पाइपासाठी रस्ता खणून बुजवला की त्या ताज्या मातीवर तो महिना महिना पाय ठेवत नाही, चिऱ्याच्या गडग्यावरून जातो. सुरुंगावर पाय पडला तो त्याच्या पुढच्या माणसाचा. तीन पावलांचं अंतर होतं.

पेन्शनच्या आरोपाला जास्त शब्द देत नाही. अपंगत्वाचं पेन्शन मेडिकल बोर्डापुढे जाऊन मिळवावं लागतं. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार नोकरीत झाला, तर तो नोकरीमुळेच झाला असं धरायचं आणि उलट सिद्ध करायचं काम सरकारचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धर्मवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितलं आहे. मी मामाचे कागद भरून ठेवलेत. तो सही करत नाही. “ज्यांचे पाय गेले त्यांच्या रांगेत मी कसा उभा राहू गो?” म्हणतो.

सगळ्यात मोठं नुकसान केलं ते गोळ्यांच्या मुद्द्याने. त्यात एक अर्धसत्य आहे, आणि ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते. मामाला एका डॉक्टरांनी कसलीही चौकशी न करता वर्षानुवर्षं त्याच लिहून दिल्या होत्या. पीटीएसडीवर त्या देऊ नयेत, असंच आता तज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे. पण २०१९ पासून मामा घेतो ती सर्ट्रालिन, नैराश्यावर आणि पीटीएसडीवर देतात ती गोळी. ती त्या जातीची नाही, नशेची नाही. ती कमी करायची झाली तरी डॉक्टर आठवड्या-आठवड्याने करतात, कारण एकदम तोडली की चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके असा त्रास होतो. तिच्या जोडीला बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत बोलण्याचे उपचार चालू होते, ज्यात ती आठवण थोडी थोडी करून सांगायची असते. दोन वर्षांत मामा रात्री सलग पाच तास झोपायला लागला होता.

मेसेज वाचून त्याने कुणालाही न सांगता गोळ्या सोडल्या. मामी रोज हातावर ठेवायची, तो पाण्याचा घोट घ्यायचा आणि गोळी खिशात टाकायचा. धुवायला काढलेल्या शर्टात तिला कागदाच्या पुडीत नऊ गोळ्या सापडल्या. रात्री कॅन्टीनची रम सुरू झाली होती. दारूने डोळा लवकर लागतो खरा, पण पहाटेची झोप तुटते, आणि वाईट स्वप्नं बहुतेक पहाटेचीच असतात. त्या नऊ दिवसांत मामी पडवीत झोपली, कारण खोलीत त्याला कुणी नको होतं.

आणि पोरांना लांब ठेवा म्हणे! चवथीच्या आदल्या दिवशी मामा स्टुलावर उभा राहून माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची आरास, बांधत होता. माट्टे, कांगलां, कवंडाळां ही रानफळं त्याने स्वतः रानातून आणली होती. बाहेर पोरांनी सुतळी बॉम्ब लावला. मामा उडी मारून खाली आला, चार वर्षांच्या नातवाला उचललं, भिंतीकडे केलं आणि त्याच्यावर पालथा पडला, आपली पाठ दाराकडे करून. नातू रडला, त्याला खरचटलंही नाही. मामाच्या कोपराची सालटी निघाली. कवंडाळां घरभर घरंगळली होती आणि मामी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. त्याला उठायला पंधरा मिनिटं लागली. ज्याच्यापासून पोरांना वाचवायचं म्हणता, तो माणूस हा.

आता गोळ्या पुन्हा सुरू झाल्यात, कमी डोसपासून. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांनी १४४१६ वर फोन करावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, पैसे पडत नाहीत.

आणि दादा, तो मेसेज तू टाकलास. तुझ्या मनात वाईट नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण तो अजून ग्रुपवर आहे. मामा सकाळी चहा घेताना ग्रुप उघडतो. आज रात्रीच काढ.