रामगुलाम यांनी चागोस विकले हा धादांत खोटा आरोप

माझ्या भाचीने महाविद्यालयातील वक्तृत्व स्पर्धेसाठी केलेल्या टिपणात मॉरिशसचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांची ओळख ‘पंतप्रधान होताच ३० लाख पाउंड घेऊन चागोस बेटे अमेरिकेला विकणारा नेता’ अशी करून दिली होती. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या एका संदेशातून तिने ती जशीच्या तशी उतरवून घेतली होती. रामगुलाम बिहारमध्ये जन्मले, देशाने त्यांच्या पाठीशी एकमुखाने उभे राहून स्वातंत्र्य मिळवले आणि ते मरेपर्यंत सत्तेवर राहिले, असेही त्या संदेशात ठोकून दिले आहे.

हिंदी महासागरातील चागोस हा द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला गेला १९६५ मध्ये आणि मॉरिशस स्वतंत्र झाला १२ मार्च १९६८ रोजी. जो मुलूख ब्रिटनच्याच ताब्यात होता, तो रामगुलाम विकणार कसे? सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनला घटना परिषद चालू असताना ब्रिटिश पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांनी २३ तारखेला सकाळी त्यांना भेटीस बोलावले. विल्सन यांच्यासाठी आदल्या दिवशी तयार झालेले टिपण पुढे उजेडात आले आहे. स्वातंत्र्याची आशा दाखवायची आणि बेटांबाबत ऐकले नाही तर ते मिळणार नाही ही भीती घालायची, असा भेटीचा हेतू त्यात स्पष्ट लिहिलेला आहे. त्याच दुपारी मॉरिशसच्या मंत्र्यांनी तत्त्वतः संमती दिली.

ही संमती दिली गेली, एवढे मान्य करावे लागते. जनतेला विचारले गेले नाही, हेही खरे. परंतु ३० लाख पाउंड ही मॉरिशसला भरपाई म्हणून ठरलेली रक्कम होती, रामगुलाम यांच्या खिशात गेलेली किंमत नव्हे. बेटे ब्रिटनने स्वतःकडे ठेवली, त्यांतील दिएगो गार्सिया हे सर्वांत मोठे बेट लष्करी तळासाठी अमेरिकेला वापरायला दिले आणि तेथील रहिवाशांना १९७३ पर्यंत हुसकावून लावले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिलेल्या सल्लागार मतात स्पष्ट म्हटले आहे, की मॉरिशस तेव्हा ब्रिटनच्याच अधिकाराखाली असल्यामुळे १९६५ च्या त्या संमतीला आंतरराष्ट्रीय करार म्हणताच येत नाही आणि हे विभाजन जनतेच्या मुक्त व खऱ्या इच्छेवर आधारलेले नव्हते. हे मत १३ विरुद्ध १ असे आले. ज्या कृत्याचा दोष न्यायालयाने ब्रिटनच्या पदरात घातला, तेच दबावाखाली आलेल्या माणसाचा सौदा म्हणून सांगणे हा चागोसवासीयांवरही अन्याय आहे, कारण त्यांना घराबाहेर काढणारे त्यामुळे नामानिराळे राहतात.

उरलेल्या गोष्टी चटकन निकालात निघतात. बिहारमधून आले ते त्यांचे वडील. रामगुलाम यांचा जन्म १९०० मध्ये मॉरिशसमधील बेल रिव्ह येथे झाला. १९६७ च्या निवडणुकीत ४० टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाकडे गेली, तेव्हा ‘एकमुखाने’ हा शब्द टिकत नाही. मरेपर्यंत सत्ता म्हणावी, तर १९८२ मध्ये विरोधी आघाडीने मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा जिंकल्या आणि रामगुलाम स्वतःच्या मतदारसंघातही पडले. पुढे ते गव्हर्नर जनरल झाले, पण ते पद कारभार चालवण्याचे नव्हते. त्यांच्यावर टीकाच करायची असेल, तर १९७१ ची आणीबाणी, पॉल बेरांजे यांच्यासारख्या विरोधकांचा तुरुंगवास आणि थेट १९७६ पर्यंत लांबवलेली निवडणूक हे मुद्दे आहेत. त्या संदेशात यांपैकी एकाचाही उल्लेख नाही.