चुंबकी बेअरिंग आहे, मग कंपनचाचणी कशाला?

तेलविरहित सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसर आणि चिलरबद्दल एक विधान सतत पुढे पाठवलं जातं: ‘रोटर चुंबकावर तरंगतो, कशालाच टेकत नाही, म्हणून कंपन नाही. असलंच तर कंट्रोलरच्या पडद्यावर दिसतं. वेगळी चाचणी म्हणजे वायफळ खर्च.’ यातलं एकेक वाक्य तपासू.

‘टेकत नाही म्हणून कंपन नाही.’ रोटरमधला असमतोल बेअरिंग बदलून जात नाही. त्याचं बल आता चुंबकातून केसिंगला (मशीनच्या बाहेरच्या कवचाला) पोचतं, एवढाच फरक.

‘केसिंग शांत, म्हणजे मशीन ठीक.’ हा समज सर्वांत घातक. अनेक कंट्रोलर (सेन्सर पाहून चुंबकांचं बल ठरवणारी यंत्रणा) फिरण्याच्या वारंवारतेवरचं बल मुद्दाम गाळतात. मग रोटर भौमितिक मध्याऐवजी आपल्या जडत्व-अक्षाभोवती, म्हणजे वस्तुमानाच्या वाटणीने ठरणाऱ्या अक्षाभोवती, फिरतो. केसिंगवरच्या अ‍ॅक्सेलरोमीटरला (कंपन मोजणाऱ्या सेन्सरला) फारसं काही जाणवत नाही, शाफ्ट मात्र मोठं वर्तुळ काढत असतो. म्हणून शाफ्टचं विस्थापन मोजायचं आणि ते टचडाऊन बेअरिंगच्या (चुंबक बंद पडल्यास रोटर झेलणाऱ्या सुट्या बेअरिंगच्या) फटीशी ताडायचं. चुंबकी बेअरिंगसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 14839-2 प्रमाणे फटीच्या मध्यापासूनचं कमाल विस्थापन किमान फटीच्या 0.3 पटीच्या आत असेल, तर मशीन सर्वोत्तम विभागात, 0.5 पटीच्या वर गेलं, तर धोक्यात. एका बाजूची फट 0.25 मिमी असेल, तर पहिली मर्यादा 75 मायक्रॉन. पण रोटर मुळातच मध्यापासून 30 मायक्रॉन सरकलेला असेल, तर त्या दिशेला कंपनासाठी 45च उरतात. उलट, तेलाच्या बेअरिंगची मर्यादा (12,000 आरपीएमला सुमारे 25 मायक्रॉन, शिखर ते शिखर) इथे जशीच्या तशी लावली, तर चांगलं मशीनही नापास होईल.

‘पडद्यावर दिसतंच.’ पडदा सेन्सरच्या जागेचं सांगतो, चुंबकाच्या नाही. रोटर वाकून कंप पावण्याच्या एखाद्या पद्धतीचा (मोडचा) स्थिरबिंदू, म्हणजे जिथे तो हलतच नाही ती जागा, दोघांच्या मध्ये पडला, तर कंट्रोलर उलट्या दिशेने ढकलतो आणि कंपन वाढवतो. सेन्सरखालच्या पृष्ठभागाचा रनआऊटही (गोलाईतला दोष) कंपन म्हणूनच दिसतो. तो हळू फिरवून नोंदवावा आणि कलेसकट (फेजसकट) वजा करावा.

राहिला स्थैर्याचा प्रश्न, आणि खरी चाचणी त्याचीच. आज शांत असलेलं नियंत्रण अस्थिरतेपासून किती दूर आहे, हे कंपनाच्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी सर्व अक्षांचे नियंत्रण-लूप (सेन्सर-कंट्रोलर-चुंबक अशी साखळी) चालू ठेवून एकेका अक्षात साइन सिग्नल घुसवायचा, वारंवारता सरकवत न्यायची आणि बेरीज-बिंदूनंतरचा (जिथे घुसवलेला सिग्नल लूपमधल्या सिग्नलमध्ये मिसळतो, त्यानंतरचा) सिग्नल भागिले घुसवलेला सिग्नल, हे गुणोत्तर काढायचं. आयएसओ 14839-3 नुसार त्याचं शिखर 3 च्या (9.5 डेसिबल) आत हवं, 5 च्या वर असलेलं मशीन चालवू नये. सिग्नल इतका मोठा नको की अ‍ॅम्प्लिफायर संपृक्त होईल, म्हणजे आपली मर्यादा गाठेल, कारण मग गुणोत्तर खोटं येतं. इतका लहानही नको की गोंगाटात बुडेल. फिरण्याच्या वारंवारतेवर आणि तिच्या पटींवर असमतोलाचा सिग्नल मिसळतो, तिथले बिंदू वेगळे तपासा.

ही चाचणी थांबलेल्या, फक्त तरंगत्या रोटरवर एकदा करून भागत नाही. वेग वाढला की जायरोस्कोपिक परिणामाने (फिरत्या वस्तूच्या कलण्याला होणाऱ्या विरोधाने) मोड पुढच्या आणि मागच्या (फिरण्याच्या दिशेने आणि उलट घुमणाऱ्या) अशा दोन वारंवारतांत फुटतात, आणि थांबलेल्या रोटरवरून कंट्रोलरमध्ये बसवलेला फिल्टर चुकीच्या जागी पडू शकतो. कॉम्प्रेसरवर भार आला की सीलमधला वायू स्वतःचं अस्थिर करणारं बल आणतो. ते रिकाम्या चाचणीत दिसत नाही. म्हणून तीच मोजणी पूर्ण वेगाला आणि शक्य असेल तिथे भाराखालीही करा.