लातूरचं बिलबुक आणि जपानचा तक्ता

नमस्कार दादा,

तुमचा आक्षेप असा: 'कॅमेऱ्याचा बाजार 90 टक्क्यांहून जास्त आटला म्हणता, आणि इकडे लातुरात लग्नसराईच्या तोंडावर दुकानात बॉड्या (लेन्स सोडून नुसते कॅमेरे) पुरत नाहीत. आकडे कुठल्या गावचे?'

आकडे जपानहून निघतात, पण मोजतात जगभर गेलेला माल. सीपा ही तिथल्या कॅमेरा उत्पादकांची संघटना ते काढते. 2010 साली 12 कोटी 15 लाख कॅमेरे, 2024 साली सुमारे 85 लाख. मात्र मी आधी त्याला 'विक्री' लिहिलं, ती चूक माझी. सीपा मोजते ती कंपनीच्या दारातून बाहेर पडलेली खोकी. डीलरने दिवाळीआधी भरलेला माल तिथे मोजून झालेला असतो. मग तो पाडव्याला खपो की तुळशीच्या लग्नानंतर.

घसरण खोटी नाही. 2010 च्या आकड्यात 10 कोटींहून अधिक नग खिशात मावणारे कॉम्पॅक्ट होते, वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीला घरोघरचे लोक नेत ते. त्यांचा घास मोबाईलने घेतला. 2024 मध्ये उरले 19 लाखांच्या आसपास. पण तुमचं गिऱ्हाईक वापरतं ते लेन्स बदलता येणारे कॅमेरेही 2012 मध्ये 2 कोटींवर होते, 2024 मध्ये 66 लाख. मग तुमचा गल्ला का भरलेला दिसतो? कारण 2010 ते 2024 मध्ये एकूण नग चौदाव्या हिश्श्यावर आले तरी येनमधली रक्कम साधारण निम्म्यावरच थांबली. म्हणजे एका कॅमेऱ्याची सरासरी किंमत सातपट. कंपन्यांनी स्वस्त मॉडेलं गुंडाळली आणि महागड्या मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या नव्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांवर) जोर दिला. माल कमी, भाव चढा, टंचाई जाणवणारच.

'दहातल्या सात बॉड्या एकाच कंपनीच्या' हे तुमचं म्हणणं मात्र मी बाजारातला वाटा म्हणून मान्य करणार नाही. स्टुडिओवाल्याकडे एका माउंटच्या, म्हणजे एकाच कंपनीच्या बॉडीला बसणाऱ्या, चार लेन्स असल्या की पुढची बॉडी तो त्याच कंपनीची घेतो, नाहीतर लेन्सही विकाव्या लागतात. त्यामुळे आजच्या बिलात दहा वर्षांपूर्वीची पसंती बोलते. त्यातून तुमच्याकडे डीलरशिप ज्या कंपनीची, तिचंच पारडं जड.

बिलबुकावरून मोजायचंच असेल तर बिलं मोजू नका, बॉडीचे सिरियल नंबर मोजा. बॉडीसोबत दोन लेन्स गेल्या आणि त्यांची बिलं वेगळी फाडली, तर एकाच विक्रीच्या तीन होतात. सेकंडहँड नग बाजूला काढा; ते सीपाच्या हिशेबात कधीच येऊन गेलेत, बीडहून लातूरला आले म्हणून नवे होत नाहीत. ग्रे माल, म्हणजे कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेला, तोही वेगळा, कारण तो दुसऱ्याच देशाच्या खात्यावर पडलेला असतो. भारतातलं वॉरंटी कार्ड नसलं की ओळखू येतो. (हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलेलं बरं, नाहीतर सर्व्हिस सेंटरवरून शिव्या घेऊन परत येतं.)

असे नवे नग दोन लग्नसराईंचे काढा, आणि त्यात उदगीर, बीड, नांदेडच्या निदान एकेका दुकानदाराचे आकडे मिळवा. मग त्या सातांचे किती उरतात ते बघू.