नोकरी करणाऱ्याने अभियंता व्हायचे कुठे?

मी भौतिकशास्त्राचा बी.एस्सी. आहे आणि गेली बारा वर्षे नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत, ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कारखान्याच्या चाचणी विभागात काम करतो. चाचणी मी घेतो, आकडे मी लिहितो, पण आमच्या मोठ्या ग्राहकांना अहवालावर सही लागते ती विद्युत शाखेच्या पदवीधर अभियंत्याची. म्हणून वयाच्या ३६व्या वर्षी दुसरी पदवी घ्यायचे ठरवले, आणि पहिला विचार आला तो दूरशिक्षणाचा. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली आमच्याच शहरात सुरू झाले. माझ्या आईने सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर अभ्यास करून तिथूनच बी.ए. केले. त्यामुळे घरी बसून मिळवलेली पदवी कमी प्रतीची असते, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही.

अभियांत्रिकीची गोष्ट मात्र वेगळी आहे, हे मला एका खासगी केंद्रात चौकशीला गेल्यावर समजले. तिथल्या टेबलावर जर्नलांचा गठ्ठा होता. मी सहज वरच्या तीन वह्या उघडल्या, तर ट्रान्सफॉर्मरच्या शॉर्ट सर्किट चाचणीच्या पानावर तिन्ही विद्यार्थ्यांचे व्होल्ट, अँपिअर आणि वॅट अगदी दशांशापर्यंत तेच होते, आणि अक्षरही एकाच माणसाचे होते. "प्रॅक्टिकलची काळजी करू नका, ते आम्ही बघतो," असे मला सांगण्यात आले.

ही चाचणी मी आठवड्यातून चार वेळा तरी करतो. एका बाजूची टोके तांब्याच्या जाड पट्टीने एकमेकांना जोडायची आणि दुसऱ्या बाजूला व्हेरिअकने, म्हणजे दाब कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या बटणाच्या यंत्राने, शून्यापासून हळूहळू विद्युतदाब चढवायचा. वितरणाच्या ट्रान्सफॉर्मरला पूर्ण भाराचा प्रवाह वाहण्यासाठी नेहमीच्या दाबाच्या साधारण ४-५ टक्केच दाब पुरतो, त्यामुळे नवख्याच्या हातून व्हेरिअक थोडा जास्त फिरला की अँमीटरचा काटा टोकाला जाऊन आदळतो. पट्टीचा एखादा बोल्ट सैल राहिला तर तो सांधा तापू लागतो आणि वॅटमीटर ट्रान्सफॉर्मरमध्ये वाया जाणारी वीज खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. हे पुस्तकात वाचले होते, पण कळले ते हात भाजल्यावर. ज्याने हे एकदाही केले नाही त्याची सही उद्या गावातल्या खांबाखालच्या ट्रान्सफॉर्मरच्या अहवालावर असावी, हे मला मान्य नाही.

म्हणूनच ३ नोव्हेंबर २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मला योग्य वाटतो. चार अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मान्यता न घेता दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. त्यांपैकी २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या परीक्षेला बसण्याची संधी देण्यात आली, आणि नंतरच्या सत्रांतल्या पदव्या रद्द झाल्या. निकाल योग्य असला तरी त्यात होरपळली ती बहुतेक नोकरी करणारी, पगारातून फी भरलेली माणसे, याचे दुःख मला आजही आहे. ए.एम.आय.ई., म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) या संस्थेची परीक्षा, ही नोकरदारांची जुनी आणि खरोखर कष्टाची वाट होती. तिची पदवीशी असलेली समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरतीच राहिली. चुकीचे दार बंद केले हे बरेच झाले, पण त्याच सुमारास चांगले दारही बंद झाले.

आयआयटी मद्रासने २०२३ मध्ये सुरू केलेल्या इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्सच्या बी.एस. पदवीची रचना मला पटते. त्यात व्याख्याने घरी ऐकता येतात, पण परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते आणि प्रयोगांसाठी चेन्नईला हजर राहावे लागते. माझे काम मात्र उच्च दाबाच्या विद्युत यंत्रांचे आहे, त्यामुळे ती पदवी माझ्या उपयोगाची नाही.

माझ्यासारख्यांसाठी खरी वाट आहे ती तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून मान्य केलेल्या, नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत चालणाऱ्या तुकड्यांची. बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी. पदवीधराला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पहिल्या वर्षाचे इंजिनिअरिंग ग्राफिक्स आणि मेकॅनिक्स हे विषय तेवढे सोबत सोडवावे लागतात, आणि ते सोडवलेच पाहिजेत असे माझेही मत आहे. अडचण एवढीच आहे की माझ्या जवळच्या महाविद्यालयात विद्युत शाखेची अशी तुकडी नाही. तिथली मशिन लॅब आमच्या कारखान्यातल्या चाचणीच्या जागेपेक्षा कितीतरी सुसज्ज आहे आणि तिला रोज साडेपाचला कुलूप लागते. चौकशी केली तेव्हा, पुरेसे विद्यार्थी मिळणार नाहीत, असे उत्तर मिळाले.

आमच्या आणि आजूबाजूच्या कारखान्यांतून मी आतापर्यंत अकरा जणांची नावे लिहून घेतली आहेत. सातपूर, अंबड किंवा सिन्नर भागात काम करणाऱ्या ज्यांना विद्युत शाखेची पदवी घ्यायची आहे, त्यांनी आपली पहिली पदवी किंवा पदविका, कामाची पाळी आणि साप्ताहिक सुट्टीचा वार मला मेसेजमध्ये कळवावा. पुढच्या महिन्यात ही यादी घेऊन मी प्राचार्यांना भेटणार आहे.